पत्र्याखाली अडलेला धूर

ज्यांच्यामुळे माझी नोकरी टिकली त्यांचं आधी सांगतो. जळगाव जामोदच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढून कापसाच्या गठाणी बांधायच्या कारखान्यात, कापसाच्या गोदामाचे ते आतले चौकीदार होते. वय साठीच्या पुढे. मी त्यांना बाबाजी म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला मावशी. फाटकाजवळच्या त्यांच्या एका खोलीत मी सव्वा महिना दोन्ही वेळ जेवलो. मला ताप आला तेव्हा मावशींनी उशाशी बसून पेज पाजली, आणि बाबाजींनी माझ्या वाटणीच्या वायरीच्या नळ्या शिडीवर चढवल्या. या दोघांचे उपकार सांगायला बसलो की शेवटी मी काय केलं तेही सांगावं लागतं. नुसते आभार मानून मोकळं व्हायचं म्हणून दोनदा पत्र लिहायला घेतलं. दोन्ही वेळा अर्ध्यावर फाडलं.

महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील तेव्हा. मी रत्नागिरीकडचा, समुद्राकाठचा. सातवीत होतो तेव्हा वडिलांच्या अंगावरून वारं गेलं आणि शाळा सुटली. मामांनी मुंबईला आणून एका कंपनीत चिकटवलं. गिरण्या, गोदामं, अशा ठिकाणी आगीच्या घंटा बसवायचं या कंपनीचं काम. आधी मी सामान उचलत होतो, मग वायरमन झालो. इंग्रजी येत नव्हतं. नकाशावरच्या खुणा मात्र ओळखायचो: गोल म्हणजे डबी, चौकोन म्हणजे पॅनेल, तुटक रेघ म्हणजे वायर.

स्वभाव माझा पहिल्यापासून घाबरट. स्क्रू आवळला की परत आवळून बघायचा, जेवायला बसलो की उठून अजून एकदा बघायचा. इतकं करूनही आधीच्या एका कामात दोन वायरी उलट जोडल्या गेल्या. साहेब तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाले होते, "पुन्हा असं झालं तर गावाला जा आणि नारळ सोल." गावाला सोलायला नारळही आमचे नव्हते. घरी आई होती, अंथरुणावरचे वडील होते, दोन बहिणी होत्या, आणि माझी मनिऑर्डर होती.

त्याच साहेबांनी मला एकट्याला जळगाव जामोदला पाठवलं. विमावाल्यांनी जिनाच्या मालकांच्या मागे लकडा लावला होता की गोदामात धूर ओळखणारं यंत्र बसवा. यंत्र म्हणजे वाटीएवढ्या अठरा डब्या. त्या छताला टांगायच्या. डबीच्या खालच्या जाळीतून धूर आत शिरला की वायरीवाटे ऑफिसातल्या पॅनेलला कळतं, तिथे त्या गाळ्याचा लाल दिवा लागतो आणि घंटा वाजते. गोदामाला सहा गाळे, एकेका गाळ्यात तीन डब्या. दसऱ्यानंतर कापूस यायला लागायचा, त्याआधी काम पुरं करायचं होतं. शेवटी साहेब मुंबईहून येऊन परीक्षा घेणार आणि मालक कागदावर सही करणार.

पहिल्याच दिवशी मालकांनी मला गोदाम दाखवलं. बाबाजी माझी हत्यारांची पेटी घेऊन मागून येत होते. मालक म्हणाले, "हे पाहा मिस्त्री, हे यंत्र पास झालं का मंग आतला चौकीदार लागत नाही. फाटकावरचा राहीन. आतला काय करते? गठानी हुंगत फिरते. ते काम आता तुमची डबी करीन."

हे बोलताना त्यांनी आवाज खाली केला नाही, मागे वळूनही बघितलं नाही. मला कुठे बघावं कळेना. जागा गेली की फाटकाजवळची खोलीही जाणार, हे मला कुणी वेगळं सांगायला नको होतं. मालक ऑफिसात गेल्यावर बाबाजींनी पेटी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाले, "चाल बे. तुले शिडी दाखवतो. एक पायरी खिळखिळी हाये, तठी पाय नको ठेवू. पहिल्याच दिवशी पडला तं मालक म्हनन, बुढ्यानं पाडला."

माणसानं रुसून बसावं, निदान कामात खोडा घालावा, तर मला समजलं असतं. बाबाजी रोज सकाळी माझ्याआधी गोदामात हजर असायचे. शिडी धरायचे, नळ्या द्यायचे, वायरीचं भेंडोळं सोडत चालायचे. वर टोमणे असायचेच. मी वर चढून तीनतीनदा स्क्रू तपासत बसलो की खालून विचारायचे, "कोकनात मानसं झाडावरच राह्यते काय बे? चढला का उतराचं नावच घेत नाही."

मावशींचं वेगळं होतं. मला भात नाही मिळाला तर जेवल्यासारखं वाटत नसे, आणि त्यांच्याकडे ज्वारीची भाकर, तुरीची दाळ आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. त्या म्हणायच्या, "हा मिस्त्री भाकरीकडे असा पायते, जशी का कोनं शिक्षा देल्ली." मग तापातून उठल्यावर एका दुपारी त्यांनी माझ्यासाठी कुठूनतरी तांदूळ आणून भात टाकला. चिकट झाला होता. मी सगळा खाल्ला. बाबाजी म्हणाले, "पाय, सासरवाडीले आल्यासारका जेवून राह्यला."

आतला चौकीदार कशाला लागतो, ते बाबाजींनीच मला समजावलं. कापसाची गठाण दाबून बांधलेली असते. दाबायच्या प्रेसमध्ये एखादी ठिणगी आत सापडली तर ती लगेच भडकत नाही. दोन दोन दिवस, चार चार दिवस आतल्या आत धुमसते. वरून गठाण पांढरीशुभ्र. थोडा वास सुटतो, तेवढाच. तो ज्याला येतो त्यानं ती गठाण ओढून बाहेर काढायची, नाहीतर मग अख्खं गोदाम जातं. तीस वर्षं बाबाजी हे करत होते. गावातले हमाल सांगायचे की बुढा पहिल्या गाळ्यात उभा राहून सहाव्या गाळ्यातली गठाण सांगतो.

डब्या बसवून झाल्या. नकाशात सगळे गोल छताच्या मधल्या आढ्यावर काढलेले होते, म्हणून मी त्या आढ्यालाच लावल्या, पत्र्याला जवळजवळ टेकून. मला ते पटतही होतं. आमच्याकडे चुलीचा धूर सरळ वर जातो आणि कौलांतून बाहेर पडतो. धूर वर जाणार, डबी वर हवी, यात विचारण्यासारखं काय होतं?

मग तपासणी सुरू केली. लोखंडी डब्यात जुनं सुती फडकं पेटवून विझवायचं, म्हणजे ते धुमसत राहतं. बाबाजींनी त्यासाठी एक लांब बांबू शोधून टोकाला तारेनं डबा अडकवून दिला. एकेका डबीखाली धूर धरला. अठराच्या अठरा वाजल्या. मी खूश झालो. पण साहेबांची परीक्षा अशी नसते. ते धुराचा डबा जमिनीवर ठेवायला लावतात आणि घड्याळ बघत बसतात. दोन मिनिटांत घंटा वाजली पाहिजे. सकाळी आठला मी तसं करून बघितलं. वाजली. दुपारी दोनला केलं. वाजली नाही.

पाच मिनिटं झाली, सात झाली. मी पळत ऑफिसात जाऊन पॅनेल बघून आलो. हिरवा दिवा शांतपणे चालू. परत आलो, डब्यात फडकं वाढवलं. साहेब पाचव्या दिवशी येणार होते, दुपारच्या एसटीनं. म्हणजे परीक्षाही दुपारीच.

वायरी बघू की डब्या बघू, असं करत मी गोदामात फिरत होतो. तिसऱ्या गाळ्यात बाबाजी पालथ्या टोपलीवर बसून दोराच्या गाठी सोडवत होते. धुराचा डबा त्यांच्या पाठीमागे दहा-बारा हातांवर. फाटकाकडून वारा होता आणि कापसाचा तो कडवट धूर त्यांच्या खांद्यावरून पुढे जात होता. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. बाबाजी गाठ सोडवत गुणगुणत होते.

मी उभाच राहिलो. मग विचारलं, "बाबाजी, वास नाही येत?"

त्यांनी वळून आधी डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. हातातला दोर खाली ठेवला.

"फाटकाकडे कोन्ही हाये काय पाय," ते म्हणाले.

कुणी नव्हतं.

"दोन साल झाले. ताप आल्ता मले, तुले आल्ता तसा. ताप गेला अन् नाक संग घेऊन गेला."

"मालकांना माहीत आहे?"

"तुले माईत झालं, बस. मावशीलेही नाही माईत. तिची दाय करपली तरी मी चांगली झाली म्हनतो. ती म्हनते, बुढा आताशी लय गरीब झाला."

मला हसू आलं नाही. "मग दोन सीझन तुम्ही काय केलंत?"

त्यांनी उजवा तळवा पुढे केला. "हात ठेवून पायतो. एक एक गठान. गरम लागली तं समजते. पन हात कुठीकुठी पुरन बे? वरच्या थरावर चढाले गुडघे नाही राह्यले. अन् सीझनात दुपारी हमाल तठीच झोपते, गठानीच्या आडोशाले. दहा-बारा जन राह्यते. त्याईले वाटते बुढा फिरून राह्यला, मंग काय भेव." तळवा मागे घेत म्हणाले, "म्हनून तुही डबी वाजली पायजे. मी त्यासाठीच शिडी धरून राह्यलो महिनाभर. तुले काय वाटलं, तुह्या तोंडाकडे पाहून?"

"पण ती पास झाली तर तुमची जागा जाईल."

"माह्यी जागा नाकासंगच गेली. मालकाले समजलं नाही, एवढंच."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो. डबी वाजत नाही हे मी त्यांना सांगितलं. माझी नोकरी जाणार हेही सांगितलं, आणि सांगताना मला रडू आलं ते मी धुरावर ढकललं. बाबाजींनी वर बघितलं. बराच वेळ बघत राहिले. "शिडीवर चढ," ते म्हणाले. "जसा चढशीन तसा धूर कुठी हाये ते पाहत जा."

चढलो. अर्ध्या शिडीवर धूर दाट झाला, डोळे उघडवेनात. अजून चार पायऱ्या चढलो आणि एकदम स्वच्छ झालं. डोकं भट्टीत घातल्यासारखा उकाडा, पण धुराचा मागमूस नाही. माझं डोकं डबीजवळ होतं आणि धूर माझ्या कमरेखाली चादर अंथरल्यासारखा पसरला होता. डबी बिचारी कोरड्या हवेत लटकत होती. वाजणार कशी?

"पत्रा तापला का तो वर येतच नाही," बाबाजी खालून सांगत होते. "सकायी पत्रा थंडा राह्यते, तवा जाऊन टेकते. दुपारी मधातच अडते. तीस साल पायलं म्या. तुह्या त्या कागदावर पत्रा काढेल हाये काय?"

नकाशात पत्रा होता, पण ऊन नव्हतं. ज्यानं तो मुंबईत बसून काढला त्यानं आश्विनातलं इथलं ऊन बघितलेलं नव्हतं.

साहेबांना विचारावं तर पत्र जाऊन उत्तर यायला आठवडा. न विचारता नकाशा मोडावा तर हिंमत नाही. मी त्या संध्याकाळी जेवलो नाही. बाबाजींनी मला काही समजावलं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच ते उरलेल्या नळ्या आणि करवत घेऊन शिडीपाशी उभे होते. "कापाचं का नाही, ते सांग," म्हणाले. "नाही तं मी घरी जाऊन झोपतो."

तीन दिवसांत आम्ही अठरा डब्या दोन-दोन हात खाली आणल्या. प्रत्येक डबीला नळीचा तुकडा, प्रत्येक तुकड्याला नवा सांधा. चौथ्या दिवशी दुपारी दोनला जमिनीवर धूर ठेवला. दीड मिनिटात घंटा वाजली. बाबाजी ऑफिसाच्या दारात उभे होते. त्यांनी लाल दिवा बघितला आणि म्हणाले, "तिसरा गाळा. बरोबर." जसं काही त्यांनीच वास घेऊन सांगितलं.

त्याच दिवशी मी त्यांना पॅनेलवरचं बटण दाखवलं. ते दाबलं की घंटा वाजते, दिवे लागतात. ते विचारायला लागले, "मंग धूर कशाले दाखवाचा? बटनच दाबाव ना." मी सांगितलं की बटणानं फक्त घंटा आणि दिवे चालू आहेत एवढंच कळतं. डबी शुद्धीवर आहे की नाही, ते बटणाला समजत नाही. कापसाचं बारीक तूस जाळीत बसलं की डबी आंधळी होते, आणि पॅनेलवर हिरवा दिवा मात्र तसाच राहतो. म्हणून दर आठवड्याला कुणीतरी बांबू घेऊन अठरा डब्यांना धूर दाखवायला हवा, जाळी झटकायला हवी.

बाबाजींनी बांबूकडे बघितलं. मग म्हणाले, "हे काम तं मले जमते. ह्याले नाक नाही लागत."

मला ते सुचलंच नव्हतं. मी एकदम उठलो. म्हणालो, "बाबाजी, साहेबांच्या रिपोर्टात एक रकाना असतो, देखभालीचा. त्यात लिहायला लावतो की आत एक माणूस लागतो. साहेबांनी लिहिलं आणि मालकांनी सही केली की झालं. तुम्हाला कुणी काढू शकणार नाही."

"असं लिहीन तुहा साहेब?"

"साहेब मलाच विचारतात दर वेळी. मी सांगितलं की लिहितात."

त्या संध्याकाळी त्यांनी मावशींना काहीतरी सांगितलं असावं. मावशींनी पुरणाची पोळी केली. सण कुठला, मी विचारलं नाही. आधीच्या आठवड्यात त्यांनी गाडगी-मडकी एकात एक घालून कोपऱ्यात लावून ठेवली होती. ती परत फळीवर मांडलेली दिसली.

साहेब आले. नांदुऱ्याहून एसटीनं, घामाघूम होऊन. मालकांकडे पाणी प्यायले आणि सरळ गोदामात. जमिनीवर धूर, हातात घड्याळ. घंटा वाजली. सहाही गाळ्यांत वाजली. मग साहेबांनी वर बघितलं. "ड्रॉइंगमध्ये तर आढ्याला आहेत."

"दुपारी पत्रा तापला की धूर मधेच अडतो, साहेब. वर पोचत नाही."

"तुला कुणी सांगितलं?"

बाबाजी माझ्यापासून तीन हातांवर, बांबू धरून उभे होते. मी म्हणालो, "चढून बघितलं, साहेब."

खोटं नव्हतं ते. साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. कंपनीत लागल्यापासून पहिल्यांदा. म्हणाले, "डोकं चालवलंस." मी बाबाजींकडे बघितलं नाही. मनात म्हटलं, हे जाऊ दे, रकाना महत्त्वाचा.

ऑफिसात बसून साहेब रिपोर्ट भरायला लागले. मालकांनी सहीसाठी पेन काढून ठेवलं होतं. बाबाजी दारात उभे. त्या रकान्याशी आल्यावर साहेब म्हणाले, "डब्यांना आठवड्याला धूर दाखवावा लागेल. इथे कोण करणार?"

मालकांनी पेनाचं टोपण परत लावलं. "म्हणजे आत मानूस लागतेच? मंग हे यंत्र काऊन घेतलं म्या? विमावाल्याईले सांगतो, राहू द्या." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मिस्त्री, ते बटन हाये ना? त्यानं नाही होत?"

साहेबांनीही माझ्याकडे बघितलं. साहेबांना सगळं माहीत होतं, बटणाचं काम त्यांनीच मला शिकवलं होतं. ते काही बोलले नाहीत. त्यांनाही सही हवी होती. सही न घेता परत गेलो असतो तर काम फसलं असतं, आणि फसलेलं काम माझ्या नावावर लागलं असतं. मला आई दिसली, नारळ दिसले. हे सगळं एका श्वासात.

मी म्हणालो, "बटणानं होतं."

साहेबांनी लिहिलं. मालकांनी टोपण काढून सही केली. दारातून बाबाजी कधी गेले ते मी बघितलं नाही. बांबू भिंतीला नीट टेकवून ठेवलेला होता.

साहेब त्याच दिवशी परतले. मला सामान आवरून दोन दिवसांनी निघायचं होतं. संध्याकाळी खोलीवर जाणं टाळावंसं वाटत होतं, पण नाही गेलो तर मावशी बोलवायला येतील, म्हणून गेलो. बाबाजी जेवायला बसले होते. मला बघून सरकले, जागा केली.

"तुह्यं काम झालं ना?"

"झालं."

"मंग झालं. जेव."

मी म्हणालो, "बाबाजी, मी घाबरलो." मावशी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. बाबाजींनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरला.

"माह्यं काही नाही बे. म्या तीस साल खाल्लं अठी. पन डबी आंधळी झाली तं कोनाले समजीन? मालक रोज बटन दाबन. घंटा वाजन. अन् हमाल झोपून राह्यतीन."

मावशींनी माझ्या ताटात अजून एक भाकर टाकली, रागानं का मायेनं ते कळलं नाही. मी खाल्ली.

मालकांनी खोली रिकामी करायला सीझन लागायच्या आधीची मुदत दिली होती, पण बाबाजी थांबले नाहीत. मी निघालो त्याच दिवशी तेही निघाले. एक ट्रंक, दोन गाठोडी, आणि मडक्यांची पाटी मावशींच्या कडेवर. सोनाळ्याला त्यांची लेक दिली होती, तिथे जायचं होतं. लेकीच्या घरी. मावशी स्टँडवर पदर पुढे ओढून बसल्या होत्या, कुणी ओळखीचं दिसलं की मान फिरवायच्या. मला नांदुऱ्याची गाडी हवी होती, त्यांना सोनाळ्याची. तासभर आम्ही एकाच बाकावर बसलो.

मी म्हणालो, "मी मुंबईला जाऊन साहेबांना परत सांगतो."

"सांगजो," बाबाजी म्हणाले. त्यांना माझ्यावर विश्वास नव्हता, आणि तो नसल्याचं त्यांनी दाखवलंही नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "तुले एक काम सांगू काय? तुही गाडी उशिरा हाये. जिनात परत एक चक्कर मार. फाटकावरच्याले सांग, हमाल आले का त्याईले म्हना, दुपारी बाहेर झोपत जा. लिंबाखाली. आत नोको."

सोनाळ्याची गाडी आधी आली. मी ट्रंक वर चढवली. मावशी खिडकीतून म्हणाल्या, "पोचला का आईले पत्र टाकजो. वाट पायत असन." बाबाजींनी हात वर केला. तोच तळवा.

मी जिनात गेलो. फाटकावरच्या चौकीदाराला निरोप सांगितला. तो हसला. म्हणाला, "आता काऊन बाहेर झोपतीन बे? यंत्र लावलं ना तुम्ही. पंधरा दिवस झाले मालक सगळ्याईले दाखवून राह्यले." मी पुन्हा सांगितलं. तो पुन्हा हसला.

मुंबईला गेल्यावर मी साहेबांना सांगितलं नाही. एकदा दारापर्यंत गेलो होतो. माझी नोकरी कायम झाली होती, आणि पत्र्याच्या छपराखाली डब्या दोन हात खाली लावायच्या हे कंपनीनं सगळीकडे सुरू केलं होतं. ते मी शोधून काढलं असं सगळे समजतात. आता मी जळगाव जामोदहूनही लांब, परमुलखात, गोदामांमागून गोदामं करत फिरतो. कुठेही धूर खाली ठेवला आणि घंटा वाजली की लोक माझ्याकडे कौतुकानं बघतात, आणि मला तिथून निघून जावंसं वाटतं. दसरा झाला की मी रोजचा पेपर मागच्या पानापासून उघडतो, आतल्या पानावरच्या आगीच्या बातम्या बघतो. त्या गोदामाची बातमी अजून आली नाही. त्यानं मला बरं वाटत नाही. गठाण चार चार दिवस आत धुमसते, हे मला सांगणारा माणूस तिथे नाही, एवढंच मला ठाऊक आहे.

बाबाजी सोनाळ्यात आहेत की नाहीत, हेही मला माहीत नाही. ते असतील असं धरूनच लिहितो. मुंबईला परतलो की मी रात्रशाळेत इंग्रजी शिकतोय. अजून दोन परीक्षा उरल्यात, त्या झाल्या की रिपोर्टावर मला माझी सही करता येईल, असं कंपनीनं सांगितलंय. ती सही मिळाली की त्या गोदामाची फेरतपासणी मी मागून घेईन. देखभालीच्या रकान्यात माझ्या हातानं लिहीन की बटणानं होत नाही, आत माणूस लागतो. मालकांनी पेनाचं टोपण लावलं तरी लिहीन, मग पुढे माझं काय व्हायचं ते होवो. आणि तो कागद घेऊन सोनाळ्याला येईन. उशीर झालाय हे कळतं मला. पण बाबाजी, तुमचं हे देणं मी फेडीन. कधी ते सांगता येत नाही, पण फेडीन.